दुसरा बुडबुडा

४ मार्च, मंगळवार
वोन्जू शहरात अजून बर्फ. आजपासून सिगारेट बंद. शिवाय ऑफिसातल्या प्योची टेस्ट मोडून नव्याने लिहिणार.

आमची कंपनी डायलिसिसची यंत्रं बनवते. रक्ताच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की अलार्म वाजून नळी बंद व्हायला हवी. ती होते की नाही हे तपासणाऱ्या प्रोग्रॅमची, म्हणजे टेस्टची, सगळी पावलं प्यो सुन-रेने कोडच्या एकाच तुकड्यात, एकाच मेथडमध्ये कोंबली आहेत. मेथड कसली, मारुतीचं शेपूट! मध्येच कुठे बिघडलं तर शोधण्यात सकाळ जाते.

जूनमध्ये विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

६ मार्च
प्योला सांगितलं. समोरच्याच टेबलावर बसते, तोंडाने फटकळ. म्हणाली, “लांब आहे, कबूल. पण मिस्टर की, केस कापायला बसताय तर कान सांभाळा.” मोठ्या मनाने हसलो. मत्सर, दुसरं काय.

सिगारेट ओढली. तिच्यामुळे ओढली, म्हणून हिशेबात धरलेली नाही.

१४ मार्च, संध्याकाळ
झकास! शेपटाच्या छोट्या छोट्या मेथड केल्या. ‘बुडबुडा आला की अलार्म वाजतो.’ ‘बटण दाबलं की अलार्म थांबतो.’ प्रत्येक टेस्टला यंत्र नव्याने सुरू. स्वच्छ. रात्री बायकोला वाचून दाखवणार.

प्योच्या टेस्टमध्ये बटण दाबल्यावर पुन्हा बुडबुडा, पुन्हा अलार्म असं होतं. तेच ते दळण. काढून टाकलं.

रात्री: बायको ऐकता ऐकता झोपली.

१७ मार्च
प्योने विचारलं, “दुसरा बुडबुडा कुठे गेला?”
म्हटलं, “बाई, पहिल्याला वाजतो तर दुसऱ्याला का नाही वाजणार?”
“नर्सने बटण दाबून अलार्म थांबवला आणि मग परत हवा आली तर? तेच तर बघायचं होतं हो.”
म्हटलं, त्याची वेगळी छोटी टेस्ट लिहितो. उद्याच.
“शब्द देताय?”
“दिला.”
मग तिने माझ्या बदलांना मंजुरी दिली. माणसं जिंकायची कला आहे माझ्यात.

१८ मार्च
दाढ ठणकतेय. उद्या.

२ एप्रिल
संचालकांसमोर काम मांडलं. म्हणाले, “मलासुद्धा वाचता येतंय.” नंतर सगळे डुकराचं मांस भाजून खायला गेलो. सोजू बेताने घ्यायचं ठरवलं होतं. प्यो लवकर उठली, जाताना म्हणाली, “शब्दाचं काय झालं?” भलत्या वेळी बोलायची खोडच आहे तिला.

ती टेस्ट राहिलीय खरी. पण इतक्या देखण्या फाइलमध्ये घाईगडबडीने काही घुसडणं बरं नव्हे.

९ मे
आमच्या विभागातल्या बान ते-ओने अलार्म थांबवायचा कोड बदलला. पोरगा हुशार, जरा भित्रा. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, तरी विचारत होता, “दादा, नक्की पाठवू ना?”
“हिरवं आहे ना? मग बाकी माझ्यावर सोड.”
असा वडीलधारा मला कधी मिळाला नाही.

१० जून
विभागप्रमुख झालो. प्योने अभिनंदन केलं. कोरडं.

२३ जून
चुनचॉनच्या एका रुग्णालयाला आमचं यंत्र वापरून बघायला दिलं होतं. आज सकाळी त्यावर एक रुग्ण दगावला. ओक ग्वान-सिक. शहर-बस चालवायचे.

कारणं शंभर असू शकतात. नर्स नवखी असेल. वीज गेली असेल. वयही होतंच.

२४ जून, सकाळी
यंत्रातली नोंद आली. पहिल्या बुडबुड्याला अलार्म वाजला. नर्सने थांबवला, नळी तपासली, यंत्र पुन्हा सुरू केलं. दुसऱ्याला वाजला नाही.

 प्यो बोलली असती तर उत्तर देता आलं असतं. खुर्ची ओढून तिने ती टेस्ट लिहिली. माझा चहा निवायच्या आत लिहून झाली. चालवली. लाल.

बान जिन्यात बसून रडत होता. म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, अशा गोष्टी होतात. 

२५ जून
संचालक म्हणाले होते, ओक यांच्या घरच्यांकडे कुणी जायचं नाही, वकील बघतील. तरी काल दुपारी मी चुनचॉनला गेलो. जबाबदार माणसाने जावं. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं. सुरुवात चांगली जमली होती: “मी त्या यंत्राच्या विभागाचा प्रमुख.” पुढचं तिथे गेल्यावर सुचेल म्हटलं.

रुग्णालयाच्या अंत्यदर्शनाच्या दालनात ओक यांच्या फोटोपुढे दोनदा डोकं टेकलं. काळ्या कपड्यांतली त्यांची बायको पुढे आली. डोळे सुजलेले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच विचारलं, “तुम्ही यांच्या सकाळच्या बसमधले का?”

म्हणालो, “हो.”

तिने माझा हात धरला. “सांगायचे हो ते, सकाळची माणसं फार चांगली आहेत म्हणून. किती लांबून आलात. असे उपाशी नका जाऊ.”

सांत्वनाला आलेल्या इतरांसोबत जेवायला बसवलं. गोमांसाचं तिखट सूप आणि भात पुढे ठेवला. मी खाली मान घालून जेवलो. तिने विचारलं, अजून वाढू?

मी वाटी पुढे केली.