आईनं विसळलेली बाटली

जिंतूर, मंगळवार, संध्याकाळ

थंड पेयाची रिकामी बाटली दुकानात दिली की दोन रुपये परत मिळतात, हे आईला मीच सांगितलं. आज तिनं गोठ्यातली बाटली नेऊन दिली. तीत भाऊ कापसावर फवारायचं औषध ठेवतो. तळाशी थोडं उरलं होतं.

"उष्टी बाटली कशी द्यावी? नुसत्या हातानं चोळून विसळली."

नुसत्या हातानं. साबणानं तीनदा हात धुवायला लावले, तर हसली. "लय भेतोस बाबा."

बाटल्या परत घेण्याच्या या योजनेची बाजू घेणारा माझा लेख उद्या छापून येईल. घरोघरी औषध अशाच बाटल्यांत असतं, हे मला सुचलं कसं नाही?

डॉक्टर फोनवर म्हणाले, ते औषध कातडीतूनही अंगात जातं, गुंगी येते का लक्ष ठेवा. मी सारखा तिला हाका मारतोय. आत्ता ओ द्यायला तिला जरा वेळ लागला.