पन्नासावी सही

स्टॅनमोर
२ मार्च २०२५

ती. सिंधुआत्या यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी वैर धरलं आणि डोळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपशी, म्हणून मला पुन्हा शाळेतल्यासारखं हाताने लिहावं लागतंय. अक्षराला हसू नका.

आमच्या वेम्बलीच्या विहाराची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, जुना हॉल हरिदासकाकांनी नाममात्र भाड्याने मिळवला आणि सव्वीस वर्षं चालवला. ते गेल्यापासून त्यांचा मुलगा संघर्ष गादीवर बसलाय. हो, गादीच म्हणते! दाराशी संगमरवरी पाटी लावली, त्यावर वडिलांच्या नावाएवढंच मोठं स्वतःचं नाव. महिन्यापूर्वी आम्हा सगळ्यांकडच्या किल्ल्या काढून घेतल्या. कारण विचारलं तर म्हणाला, कारण सांगायला मी बांधील नाही. मुलांचा रविवारचा वर्ग मी घेते आणि दार उघडायला याची वाट बघत थंडीत उभी राहते.

एक काम मात्र त्याने बरं केलं. वर्ध्याच्या धम्मशीलाताई इथे केअर कंपनीच्या व्हिसावर म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला आल्या. कंपनीचं लायसन्स गेलं, त्याबरोबर कंपनीने दिलेली खोलीही गेली. संघर्षने त्यांना विहाराची मागची खोली दिली. आता व्हिसा ऑफिसची साठ दिवसांची नोटीस कधीही येईल. तेवढ्यात दुसरी नोकरी आणि तिचे कागद झाले नाहीत, तर परत जावं लागेल. त्यांच्या पगारावर घरी दोन मुली शिकतायत.

तुमचं मांडलिक राज्यांचं पुस्तक कुठवर आलं? वर्गात सांगायला काहीतरी पाठवा.

तुमच्या शिव्यांचीही वाट बघणारी,
कल्याणी


नागपूर
१९ मार्च २०२५

चि. कल्याणीस,
जयभीम आणि अ. आ.

अक्षर पाहिलं. हसले नाही, पण लाल पेन हातात घेतलं होतं.

मी सध्या ज्यूडियात मुक्कामाला आहे. ज्यू लोकांचं चिमुकलं राज्य, रोमच्या छत्राखाली. राजा हेरोद रोमनेच बसवलेला. त्याने मृत्युपत्र केलं, तरी बादशहाने मान डोलावली तरच ते खरं. मंदिर असं बांधलं की परदेशी लोक बघायला यावेत, आणि संशयापायी पोटच्या पोरांना मारलं. तो मेल्यावर मुलगा आर्खेलाउस आला. आगीतून फुफाट्यात! लोक इतके विटले की पन्नास माणसं समुद्र ओलांडून रोमला गेली आणि बादशहाला म्हणाली, आम्हाला हे राजे नकोत, आमचा कारभार थेट तुमच्या माणसांकडे द्या. बादशहाने तेव्हा वेळ मारून नेली. पण दहा वर्षांनी पुन्हा तक्रारी गेल्या, तेव्हा मुलाला हद्दपार केलं, आणि लोकांनी मागितलं ते त्यांना मिळालं.

पुढे काय झालं असेल? वर्गात मी इथेच घंटा होऊ देत असे. विचार कर आणि उत्तर लिहून पाठव.

संघर्षशी सबुरीने घे. हरिदासचं लेकरू आहे.

तुझ्या उत्तराला गुण द्यायला बसलेली,
सिंधुआत्या


स्टॅनमोर
६ एप्रिल २०२५

ती. सिंधुआत्या यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र म्हणजे मला टॉनिकच! गेल्या रविवारी संघर्षने वर्ग अर्ध्यात थांबवून मुलांना बाहेर काढलं. कौन्सिलचा कोणीतरी साहेब परिसर बघायला येणार म्हणाला, मागच्या बाजूला कोणी फिरकायचं नाही म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेव्हा तुमची ती पन्नास माणसं आठवली.

मी अर्ज लिहिला. आम्हाला एका माणसाची मनमानी नको, विहाराचा कारभार कौन्सिलने स्वतः बघावा. सह्याही पन्नासच हव्यात असं मनाने घेतलं. एकोणपन्नास झाल्या आणि गाडी अडली. शेवटी धम्मशीलाताईंनी पेन घेतलं. त्या आधी का-कू करत होत्या, दादाने आसरा दिला म्हणत होत्या. मी समजावलं की हे माणसाविरुद्ध नाही, पद्धतीविरुद्ध आहे. नावापुढे पत्ता कोणता लिहू, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपण दर रविवारी पंचशील घेतो, खोटं बोलणार नाही म्हणतो, मग जिथे राहता तोच लिहा. त्यांनी विहाराचाच पत्ता लिहिला, सुवाच्य अक्षरात. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त गुण द्याल.

त्यांची नोटीस आली, १ एप्रिलपासून साठ दिवस. पण एका केअर होमने त्यांना घ्यायचं कबूल केलंय. आता क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसातून पत्र येईल, त्यातल्या तारखेला कागद घेऊन हजर व्हायचं, की सुटल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पुढे ते लोक सुखाने नांदले. बरोबर ना?

पैकीच्या पैकी गुण मागणारी,
कल्याणी


नागपूर
२१ एप्रिल २०२५

चि. कल्याणीस,
अ. आ.

चूक. आणि तुझ्याआधी माझी. साठी उलटून किती वर्षं झाली, तरी घंटेची खोड जाईना! गोष्ट अर्धी ठेवली नसती तर तू हे केलं नसतंस.

ऐक, पुढे काय झालं. रोमचा अधिकारी आला. आल्याआल्या घराघराची मोजदाद केली, कोण कुठे राहतो ते लिहून घेतलं. दंगे झाले, माणसं मेली. आणि एक बारीक गोष्ट, जी मला झोपू देत नाही. सणाला मुख्य पुरोहित जो पोशाख घालत, तो हेरोदच्या काळातही किल्ल्यात कुलपातच असे. पण ते कुलूप घरच्या राजाचं होतं. त्याला शिव्या देता येत होत्या, त्याच्या दारात रडता येत होतं. आता किल्ली परक्या शिपायाकडे गेली. तो दुष्ट होता असं नाही. त्याला फक्त हुकूम ठाऊक होता, सण ठाऊक नव्हता.

कल्याणी, कौन्सिलच्या हॉलमध्ये माणसाला राहायची परवानगी असते का? संघर्ष मागच्या बाजूला कोणाला फिरकू देत नव्हता, तो का, हे तू त्याला कधी विचारलंस? पत्र मिळताच धम्मशीलाला तुझ्या घरी आण. अर्ज परत घेता येत असेल तर घे. मला फार भीती वाटते आहे.

तुझी अपराधी,
सिंधुआत्या


स्टॅनमोर
१३ मे २०२५

ती. सिंधुआत्या यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र ५ तारखेला मिळालं. विहाराला ३० एप्रिललाच कुलूप लागलं होतं.

कौन्सिलच्या दोन बायका आल्या होत्या, अगदी गोड बोलणाऱ्या. हातात आमचाच अर्ज. पन्नासाव्या नावावर पिवळी खूण केलेली. भाडेकरारात स्पष्ट लिहिलंय म्हणे की हॉलमध्ये कोणीही राहायचं नाही, राहिल्यास जागा परत. तो करार मी कधी पाहिलाच नव्हता, तो संघर्षच्या कपाटात. मागच्या खोलीत कोणी राहतं हे कोणाच्या नजरेत येऊ नये, म्हणूनच त्याने किल्ल्या काढून घेतल्या होत्या. मी त्याच्यावर ओरडले, मला सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, सांगितलं असतं आणि कोणी तुला विचारलं असतं, तर तू खोटं बोलली असतीस का?

धम्मशीलाताईंना सामान काढायला अर्धा तास दिला. त्या आता आमच्याकडे आहेत. मला एका शब्दाने बोलत नाहीत, उलट माझी भांडी घासतात. त्याने मला जास्त रडू येतं.

काल बुद्धपौर्णिमा. मूर्ती आत, आम्ही फुटपाथवर. संघर्ष आणि मी शेजारी उभे राहून वंदना म्हटली. नंतर त्याने काचेला कपाळ लावून आत पाहिलं आणि मला खुणेने बोलावलं. दाराच्या फटीतून पोस्टमनने टाकलेली पत्रं फरशीवर पडली होती. सगळ्यांत वर एक तपकिरी पाकीट, त्यावर धम्मशीलाताईंचं नाव. क्रॉयडनचं.

कौन्सिलला फोन केला. म्हणाले, दार उघडायला किल्लीधारकाने अर्ज करावा. किल्लीधारक आता कोण, विचारलं, तर म्हणाले, सध्या कोणी नाही, तुम्हीच तसं मागितलं होतं. क्रॉयडनला फोन केला. म्हणाले, सगळं पत्रात लिहिलंय.

साठातले अठरा दिवस उरलेत. पाकिटातली तारीख अजून यायची आहे की उलटून गेली, ते काचेतून दिसत नाही. मी आज पुन्हा जाऊन पाहिलं. पाकिटावरचा पत्ता मात्र बाहेरूनही नीट वाचता येतो.

तुमच्या मायेला पात्र नसलेली, तरी ती मागणारी,
कल्याणी