बाराजणींच्या फुल्या

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? डॉक्टर जिने चढू नका म्हणाले आणि तू गच्चीवर जातेस, हे मला शेजारणीकडून कळलं आहे, नाकारू नकोस. मी बरी आहे. लांबोडाही बरा आहे (कामातला जोडीदार, घरातला नव्हे; तू दर पत्रात विचारतेस म्हणून आधीच लिहिलं). तो फिल्म करतो, मी फोटो काढते, आणि समाजाचे डोळे उघडायचं काम आम्ही अर्धं-अर्धं वाटून घेतो.

या वेळी आठ महिने एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होतो. तिथल्या बारा बायका रोज चादरींचे ढीग उपसतात आणि वरच्या मजल्यावर त्यांची नावंही कोणाला ठाऊक नसतात. पहिल्याच आठवड्यात लांबोड्याचा मायक्रोफोन चादरींच्या गाठोड्यातून मशीनमध्ये गेला. चादरी स्वच्छ निघाल्या. (त्यानंतर त्याने फिल्ममध्ये शांतता फार महत्त्वाची असते, असं जाहीर केलं.) येत्या रविवारी प्रदर्शन आहे आणि भिंती जवळजवळ रिकाम्या आहेत. कारण आमचा नियम. ज्यांचे फोटो आहेत त्यांना ते सगळ्यांच्या आधी दाखवायचे, हातात लाल पेन्सिल द्यायची, आणि ज्यावर फुली पडेल तो कुठेच लावायचा नाही. दहा वर्षं हा नियम आम्ही भाषणांतून मिरवतो आहोत. आजवर फुल्या पडल्या त्या दोन-चार.

इथे चाळीसपैकी एकतीस. ‘वेदना’ नावाच्या फोटोतली बाई म्हणाली, ही जांभई आहे. फिल्मलाही तोच नियम, आणि तिच्यातला खिडकीबाहेर बघणाऱ्या बाईचा चार मिनिटांचा शॉट म्हणजे लांबोड्याचा जीव की प्राण. तिने सांगितलं की ती मुकादम गेला का ते बघत होती, आणि हे दाखवलं तर तिची नोकरी जाईल. भेगाळलेल्या हातांच्या फोटोंवर तर सगळ्याजणींनी फुल्या मारल्या. लांबोडा जिन्यात जाऊन बसला. मी हसून वेळ मारून न्यायला बघितलं, पण जमलं नाही. आठ महिने आम्ही त्यांचं दुःख शोधत होतो आणि त्यांना विचारायचंच राहून गेलं, याची लाज वाटली. त्यांनी राखलेल्या नऊ फोटोंत त्या इस्त्रीवरून भांडताहेत, हसताहेत. चांगले आहेत, आत्या. मी आजवर काढलेल्या सगळ्यांपेक्षा.

तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. दारासमोरच्या भिंतीवर हातांचा एक फोटो लावला आहे. त्यावर फुली नाही, कारण ज्यांचे हात आहेत त्यांना मी तो दाखवलाच नाही. ते तुझे हात आहेत. गेल्या उन्हाळ्यात तू खुर्चीत झोपली होतीस तेव्हा काढला. सोबत प्रत आहे. नको असेल तर शनिवारच्या आत कळव, मी उतरवीन.

आणखी एक. लॉन्ड्रीतल्या बाराजणींपैकी सगळ्यांत थोरल्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, “तुमच्या घरात कुणी केलंय का हो हे काम?” तू तीस वर्षं अशाच एका लॉन्ड्रीत चादरी पिळून मला शिकवलंस, पहिला कॅमेरा घेऊन दिलास. मी “नाही” म्हणाले. फोटो राहो की जावो, तू रविवारी ये. त्या बाराजणी येणार आहेत, आणि मला त्यांना खरं सांगायचं आहे, तुझ्या शेजारी उभं राहून.