बांधावरचा साग

पंचवटी, नाशिक
२ डिसेंबर २००७

प्रिय सविता,

मालेगावच्या दवाखान्यात तुला बढती मिळाल्याचं पत्र पोचलं. तीनदा वाचलं आणि आठ दिवस उत्तर दिलं नाही. ‘चिमाकाका, तुम्ही नसता तर मी नर्स झालेच नसते,’ हे तुझं वाक्य पुढे जाऊच देईना. आज घरातली सगळी लग्नाला गेली आहेत, ओट्यावर दुपारचं ऊन आहे. आज लिहितोच. तू हे आधी एकटीने वाच.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो लाकडाच्या वखारीचा माणूस म्हणून. मालकीच्या शेतातली झाडं विकण्याजोगी आहेत की नाहीत, ते सांगणं एवढंच माझं काम. छातीच्या उंचीवर टेप लावून घेर घ्यायचा, खोड सरळ किती वर जातं ते बघायचं, बुंध्याशी वाळवी, अळंबी, पाणी झिरपल्याचा काळा डाग शोधायचा. शेवटी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून ऐकायचं. भरीव साग खणखणीत बोलतो. आतून कुजलेला नुसता भद्द करतो. वीस वर्षांत माझा कान कधी चुकला नव्हता. तुमच्या शेतातही चुकला नाही.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तुझ्या वडिलांनी, रंगनाथरावांनी, मला बोलावलं. तू बारावीला होतीस. ‘पोरगी नर्सिंगचं म्हणते, नाशकाला ठेवावी लागंल. नायतर आजवर सागाला हात लावला नाय,’ असं ते म्हणाले. भाताच्या खाचरांच्या कडेने आम्ही हिंडलो. तेवीस झाडं निघाली. बहुतेक बारीक, वाकडी, कमरेच्या उंचीवरच फाटा फुटलेली. अजून पंधरा वर्षं उभी राहू द्या, असं मी एरवी सांगितलं असतं. बघण्यासारखा होता तो बांधावरचा एकच थोरला साग. दोघांच्या कवेत मावत नव्हता. तो असला तर ट्रकची खेप परवडणार होती, आणि त्याच्याबरोबर बाकीची झाडंही खपली असती. मी ठोकलं. भद्द. पलीकडून ठोकलं. भद्द. रंगनाथराव माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘कसा वाटतो?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘भरीव आहे.’

तुझ्या शिक्षणासाठी खोटं बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं. त्या महिन्यात तीन गावांतून मी हात हलवत परतलो होतो आणि आणखी एक फेरी फुकट गेली तर दुसरीकडे काम बघ, असं मालकाने सुनावलं होतं. वाटलं, पोकळ निघाला तर मालकाची चार बोलणी खाईन, बस्स. पोकळ झाड पडताना कुठे वळेल याचा भरवसा नसतो, हे मला ठाऊक होतं गं. तो विचार मनात आला होता. मी तो बाजूला सारला.

परवाना येऊन मार्चात तोडणी लागली. तू परीक्षेसाठी घोटीला मावशीकडे होतीस, म्हणून तुला कळलं ते लोकांच्या तोंडून. मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. कुऱ्हाड तुझ्या चुलत्याच्या, मंगळूच्या हातात होती. चार घाव घालून तो थांबला. ‘दादा, आवाज बरा नाय. ह्याला सोडू.’ रंगनाथराव माझ्याकडे वळले. मी हातानेच खूण केली, चालू दे. थोड्या वेळाने खोड उभं चिरलं, बुंध्यावरच गरकन फिरलं आणि ‘इथे उभे राहा, काही भीती नाही’ असं मी ज्या जागी त्यांना सांगितलं होतं, तिथेच आलं. सगळे त्यांना बैलगाडीत घालून घोटीकडे धावले. डोकं मंगळूच्या मांडीवर होतं. वाटेतच ते गेले.

मी मागे राहिलो. बुंध्यात माणूस बसेल एवढी ढोली होती, तांबडा भुसा बाहेर सांडत होता. मी तीत पालापाचोळा कोंबला आणि काडी लावली. चिरलेल्या खोडालाही लावली. धन्याचा जीव घेणारं झाड रागाने जाळलं, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना सांगितलं, झाड भरीव होतं, तोडणाऱ्याने खाच चुकीच्या बाजूला घेतली. जाणकार मी, माझाच शब्द खरा धरला गेला. दहाव्याला तुझ्या आईने मंगळूला दारातून परत पाठवलं, ‘माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको’ म्हणाल्या, तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. तोंड उघडलं नाही. महिन्याभरात त्याने गाव सोडलं.

तुझ्या प्रवेशासाठी धावपळ केली, तुला होस्टेलवर सोडायला आलो, ते सगळं यातून आलं. वखार तर मी लगेच सोडली, पण सुटलो नाही. भर दुपारी शेजारी कुणी दार ठोठावलं तरी मला ते भद्द ऐकू येतं. विजेचा खांब असो, खाटेचा पाय असो, माझी बोटं आपोआप ठोका मारतात. नातवंडं हसतात. गोदाकाठी बाजाराच्या गर्दीत मागून कुणीतरी विचारतं, ‘कसा वाटतो?’ मी वळत नाही. वळलो तर ते उभे असतील, याची मला खात्री आहे.

गेल्या महिन्यात घोटीच्या एका भातगिरणीत मंगळू दिसला. पोती वाहतो. केस पांढरे झालेत. त्यानेच मला ओळखलं, हाताला धरून बसवलं, चहा मागवला. आधी विचारलं, ‘सवी कशी हाय?’ मग म्हणाला, ‘मला आवाज खराबच वाटला होता. पण झाड भरीव निघालं म्हणत्यात, म्हंजी माझाच हात चुकला. माझ्या हातानं दादा गेला.’ बारा वर्षं तो हे खरं मानून जगला, सविता. मी चहा तसाच ठेवून उठलो, स्टँडपर्यंत गेलो आणि परत फिरलो. पोत्यांच्या थप्पीशी उभं राहून त्याला सगळं सांगितलं. वाटलं, मारील. तो नुसता खाली बसला. मग म्हणाला, ‘वहिनीला सांगा. माझं ती आयकायची नाय.’ म्हणून हे पत्र. शनिवारी गावी जा आणि आईला हे वाचून दाखव. रविवारी सकाळी मी मंगळूला घेऊन येतो. त्यांच्यासमोर, गावासमोर, हेच तोंडाने सांगेन. पोलिसांकडे जायचं म्हणालात तर तिथेही येईन. मला आत घेऊ नका. त्याला घ्या.

‘तुझाच’ लिहायचा हक्क उरलेला नाही,
चिमाजी