बॅटरी माझी, पाना त्यांचा

१२ नोव्हें., बुध
गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं कट्‌कट्. त्याआधी कव्हर काढलं तर बॉनेटवर दसऱ्याचा झेंडूचा हार, वाळून कुरकुरीत झालेला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि झाकून ठेवली ती ठेवलीच. हे कंपनीच्या बसनं कागलला, मी रिक्षानं शाहूपुरीत ऑफिसला. गाडी आपली दारात देवासारखी.
ह्यांचं निदान: गणपतीत मी रंकाळ्यापर्यंत चालवली, म्हणून बॅटरी गेली. उभी राहून नाही, माझ्या एका फेरीनं गेली. डोकं फिरलं.

१३ नोव्हें., गुरु
आईचा बिद्रीहून फोन. पुढच्या शुक्रवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन, इथल्याच दवाखान्यात. दोनदा ऐन वेळी नको म्हणाली आहे, घाबरते. ह्या वेळी म्हणाली, "तू गाडी घिऊन आलीस तरच येतो मी. न्हायतर ऱ्हाऊ दे." हो म्हणून बसले. डाव्या डोळ्यानं तिला आता माणूस ओळखू येत नाही. पुढे ढकलायचं नाही म्हणजे नाही.
हे म्हणतात, बॅटरीचा खर्च आत्ता कशाला, पुढच्या दसऱ्याला बघू. बरोबर आहे, हार घालायला बॅटरी लागत नाही.

१५ नोव्हें., शनि
घेतली. जुनी परत देऊन साडेपाच हजार. दिवाळीचा बोनस गेला त्यात. जाऊ दे.
राग पैशाचा नाही. दुकानदाराला गाडी सांगितली, मॉडेल सांगितलं, पर्समधून नोटा काढल्या, तरी म्हणतो, "वैनी, साहेबास्नी एकदा फोन लावा की." लावला. दहा मिनिटं दोघं बोलले, मी मध्ये उभी. ह्यांनी शंभर रुपये कमी करून घेतले आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगत होते, बॅटरी टाकली म्हणून. कुणी टाकली?

१६ नोव्हें., रवि
सकाळी कळंब्यापर्यंत जाऊन आले. एकटी. ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढे होता, गाणी लावून, दोन ट्रॉल्या झुलवत. ओव्हरटेक केला. घरी येईपर्यंत गुणगुणत होते.
दुपारी बघते तर हे बॉनेट उघडून. दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची मायनसची वायर काढली आणि पाना पँटच्या खिशात. म्हणे आता रोज काढून ठेवणार. "परत उतरली तर खर्च कोण करणार?"
खर्च कोण करणार. हे मला विचारलं. मला!
गाडी चालली की बॅटरी भरते, एवढं मलाही कळतं. बोलले तर म्हणे, तुला काय कळतंय त्यातलं.

१८ नोव्हें., मंगळ
शुक्रवारी पहाटे जोडून द्या म्हटलं. नाही म्हणाले. उसाच्या गाड्या चालू झाल्यात, रस्ता वाईट, तू नवीन. "आईस्नी वडापनं येऊ दे की. सगळं गाव येतंय."
वडाप. दहा माणसं कोंबलेल्या जीपमध्ये, दिसत नसलेली माझी आई. नंतर डोळ्याला पट्टी बांधून परत तशीच का? हे विचारलं तर जेवता जेवता टीव्हीचा आवाज वाढवला.
मी ताट तसंच टाकून उठले. अजून धगधगतंय आत. आईला काही सांगितलं नाही.

१९ नोव्हें., बुध
जेवणाच्या सुट्टीत हार्डवेअरच्या दुकानात गेले. दहाचा पाना. एवढासा तर असतो. ह्याच्यासाठी मी चार दिवस तोंड वेंगाडतेय. पर्समध्ये ठेवलाय, पावडरच्या डबीशेजारी.

२१ नोव्हें., शुक्र
हे पहाटेच्या शिफ्टला गेले, पाना घेऊन. मी वायर जोडली. पहिल्यांदा सैल राहिली, परत आवळली. एका झटक्यात चालू झाली.
आई दारात नेसून तयार. पुढच्या सीटवर बसली, दोन्ही हातांनी सीट धरून. गाव सुटल्यावर सोडली. दवाखान्यात या वेळी एकदाही नको म्हणाली नाही. ऑपरेशन नीट झालं. उद्या सकाळी पट्टी काढायला बोलावलंय. दुपारी तिला घरी आणलं.
संध्याकाळी हे आले. सासूला पाहून नमस्कार केला, कसं वाटतंय विचारलं. मग बाहेर गेले, बॉनेटवर हात ठेवला. गरम नव्हतं, पण कव्हर नव्हतं ना. कळलं. खिशातून पाना काढला.
आईनं बॉनेट उघडल्याचा आवाज ऐकला. "जावईबापू काय करत्यात?" मी म्हटलं, बॅटरीची वायर काढतायत, गाडी चालू नये म्हणून.
आई खाटेवरूनच म्हणाली, मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं, "मग उद्या पट्टी काढायला मला खांद्यावर न्हेणार हायत व्हय?"
बाहेरचा पान्याचा आवाज थांबला.
चहा ओतला, आईला दिला. त्यांचा कप ओट्यावर आहे, गार होतोय. खिडकीतून दिसतायत, हातात पाना, बॉनेट उघडं. मी बोलवायला जाणार नाही. माझा पाना पर्समध्ये आहे, उद्या लागला तर.