दोरीवरचा हिरवा कुर्ता

१० एप्रिल, शुक्रवार

पोथी झाली. तांदूळ निवडून झाले, तेच परत एकदा. ह्यांची लोणावळ्याची चिक्कीची फॅक्टरी लॉकडाउनने बंद होऊन अठरा दिवस. तिथून आणलेली रिकामी खोकी माळ्यावर पडून आहेत, टाकवत नाहीत. आज एक फाडलं तर पुठ्ठ्याच्या पोटात नळ्यानळ्यांची घडी, थेट कौलांसारखी. गेरू लावून उन्हात ठेवलं. समोरच्या सुमनमावशींचं छप्परच की!

हे म्हणाले, "पन्नाशीत भातुकली मांडणार का आता?"

म्हटलं, "तुम्ही एकटेच पत्ते मांडता दिवसभर, ते काय आहे?"

१४ एप्रिल, मंगळवार

सु.मा.चं घर उभं राहिलं, वीतभर. आमच्या माडीच्या खिडकीत बसलं की त्यांचं घर अख्खं समोर दिसतं, बघून बघून करते. ओसरीचे खांब खराट्याच्या काड्यांचे. तुळशीवृंदावन साबणाच्या चिपेचं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चांदीचा हंडा. एक पैसा खर्च नाही. खिडकीला गज पाच, तर पाचच लावले. मोजायची सवय मला किराण्याच्या वहीपासूनची.

सु.मा. ओसरीवरून ओरडल्या, "वैनी, माझं घर बांधतीस म्हनं! न्हाणीला दार लाव गं बाई, खऱ्या घराला तेवढंच ऱ्हायलंय!"

गल्ली हसली, आपापल्या दारात उभी राहून. बऱ्याच दिवसांनी.

गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेत. बाहेरचं माणूस आत नाही. दूधवाल्या हौसाबाई तेवढ्या पहाटे भाजे गावाहून नवऱ्याच्या मोटारसायकलवर येतात, बांबूपाशीच मापं घालतात.

१८ एप्रिल, शनिवार

एकादशी. साबुदाणा जपून. न्हाणीला दार लावलं, आइस्क्रीमच्या चपट्या काडीचं. सु.मा.ना खिडकीतून दाखवलं. त्यांनी तिथूनच हात जोडले. "आता आंघूळ तुझ्याकडंच करती!" म्हणाल्या. बावीस वर्षांचा शेजार. मुलीच्या वेळी मी बाळंत झाले तेव्हा डिंकाचे लाडू यांनीच केले होते. आईला जमलं नव्हतं यायला.

रेखाचं विचारलं. ती त्यांची एकुलती लेक, मुंबईला शिवणाच्या कारखान्यात असते. म्हणाल्या, "हाय बाई तितंच. सुखरूप हाय."

२१ एप्रिल, मंगळवार

आज दोरी. ओसरीपुढची, कपडे वाळत घालायची. शिवणाचा दोरा ताणून बांधला. मग खिडकीतून कपडे मोजले. लुगडं एक, चोळी एक, पंचा एक. रोज एवढेच असतात, एकट्या बाईचे. आज चार. चौथा हिरवा कुर्ता, वर पिवळे ठिपके, बाहीला ठिगळ.

पुन्हा मोजले. चारच.

सु.मा. कुर्ता घालत नाहीत. रेखा घालते.

जुन्या लग्नपत्रिकेच्या हिरव्या कागदाचा कापला, नखाएवढा. टाचणीच्या टोकाने हळदीचे ठिपके टिपले. फार गोड झाला. दोरीवर चिकटवला.

थोडा रागही आला. बावीस वर्षं, आणि मला सांगितलं नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

उपास. आशाताई तपासणीला आल्या होत्या. वही, ताप बघायचं यंत्र. कुणाकडे बाहेरून कोण आलं ते लिहून नेतात. जाता जाता म्हणाल्या, "वहिनी, तुमचं ते घर दाखवा ना, गल्लीत सगळे सांगतात."

दाखवलं. एवढ्या दिवसांत घरात येऊन बघणारं दुसरं कोण? फुगले. कौलं दाखवली, हंडा दाखवला, न्हाणीचं दार उघडून मिटून दाखवलं. म्हटलं, "मनाचं काही नाही हं ह्यात. समोर दिसतं तेवढंच केलंय."

त्या वाकून बघत होत्या. "हा कुर्ता कुणाचा? मावशी तर एकट्याच ना?"

उगीच केला शोभेला, असं म्हटलं असतं तर मिटलं होतं. पण नुकतीच पोथी मिटलेली, गुरुवार, खोटं कसं बोलायचं. म्हटलं, "दोरीवर दिसला तो केला."

आणि वर, त्यांनी विचारलं नसताना, "रेखाचा असेल."

त्यांनी वहीत लिहिलं. मी चहा विचारला. नको म्हणाल्या.

२४ एप्रिल, शुक्रवार

साडेनऊला गाडी आली. दोघींना शाळेत नेलं, चौदा दिवस वेगळं ठेवायला. रेखा मंगळवारच्या आधीपासून इथंच होती, घरात, दार लावून. पायात आईच्या चपला, लंगडत होती. सगळी गल्ली दारात. मी पडद्यामागे.

सु.मा.नी वर बघून हाक मारली. "वैनी! आगं वैनी!"

कळलं यांना, असं वाटलं. पडदा सारला.

"किल्ली घे गं माझी. देवाजवळ दिवा लाव, तुळशीला पानी घाल. तुझ्याबिगर कुणावर टाकू?"

भाजीची टोपली दोरीने खाली सोडली. किल्ली वर आली.

जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं. काल जे जमलं नाही ते आज किती सहज.

२५ एप्रिल, शनिवार

फवारणी झाली त्यांच्या घरात, मग गेले. तोंडाला पदर. दिवा लावला. ओट्यावर मळलेली कणीक तशीच, वर पापुद्रा धरलेला. दाराआड रेखाच्या चपला. एकीचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेली. टाचेला आरपार भोक. हातात धरून बघितल्या. चालत आली होती ती.

कुर्ता अजून दोरीवर. काढायला कुणाला वेळच दिला नाही. उन्हाने कडक झाला होता. घरी आणला, गरम पाण्यात बुडवून पिळून वाळवला, घडी घालून परत त्यांच्या पेटीवर ठेवला.

ठिपके नव्हतेच. बारीक कोयऱ्या होत्या. हुबेहूब म्हणून मिरवलं.

२७ एप्रिल, सोमवार

गल्लीने ठरवलं की हौसाबाईंनीच सांगितलं. अंधारात येणारी ती एकटी, तिनेच पोरीला बघितलं असणार. हेही म्हणाले, "दुसरं कोण?" मी भाकरी थापत होते, थापत राहिले.

पहाटे कुणीच भांडं घेऊन गेलं नाही. आठ घरं. हौसाबाई बांबूपाशी उभ्या. "म्हशीची आन घेते, म्या न्हाई सांगितलं! पोरगी दिसली पन न्हाई मला!"

मग त्यांनी वर माझ्या खिडकीकडे बघितलं. "वैनी, तुमी तरी सांगा ह्यास्नी. तुमी पोथीवाल्या."

खिडकी लावून घेतली.

कोरा चहा. ह्यांना आवडत नाही. तरी प्यायले.

२९ एप्रिल, बुधवार

कागदाचा कुर्ता दोरीवरून काढला. गोंद राहिला तिथं, पिवळट डाग. कुर्ता चुलीत... आपल्याकडे चूल कुठं. कचऱ्यात टाकवेना. काडेपेटीत घातला, काडेपेटी देव्हाऱ्याच्या मागे. पुढे ठेवायचं धैर्य नाही.

पोथीत लक्ष नाही. अ. ७ दोनदा वाचला, दुसऱ्यांदा वाचतेय हे संपल्यावर कळलं.

हौसाबाई पुढच्या आळीत दूध घालायला जातात. गल्लीवरून मोटारसायकल जाते. थांबत नाही. आठ घरांचं दूध रोज कुठं जात असेल? एकच म्हैस त्यांची.

२ मे, शनिवार

सु.मा.चा फोन. रेखाच्या मोबाइलवरून. तपासणीत काही निघालं नाही, दोघींना. देवाची कृपा म्हटलं, आणि ते शब्द तोंडात कसेतरीच झाले.

रेखाचं सगळं सांगितलं. कारखाना बंद, एका खोलीत आठ जणी, खायला नाही. भाजीच्या टेम्पोतून खोपोलीपर्यंत, तिथून घाट पायी. रात्री एका टपरीच्या आडोशाला. मग इथं कामशेतपर्यंत रुळाच्या कडेनं.

"तुला सांगणार व्हते गं वैनी. लय ओठावर आलतं. पन म्हनलं, कुणी इचारलं तर तुला खोटं बोलावं लागंल. तू पोथी वाचतीस. तुला कशाला त्या पापात वढू?"

मी हूं म्हटलं.

"हायस ना गं?"

"आहे."

फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले. पाणी वाया गेलं बरंच.

४ मे, सोमवार

ह्यांना सांगितलं. पत्ते खाली ठेवले त्यांनी. मग, "आपण होऊन थोडंच सांगितलंस? तिने विचारलं, तू सांगितलंस."

"रेखाचं नाव तिने विचारलं नव्हतं."

"आता निस्तरलं ना सगळं? दोघी धडधाकट आहेत. कशाला उकरतेस?"

"आणि हौसाबाई?"

पत्ते परत उचलले.

८ मे, शुक्रवार

आल्या. सु.मा. चेहऱ्याने उतरल्यात. मी घर झाडून, सडा घालून ठेवलेला. ओसरीवर बसून तुळशीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "जाताना व्हती त्याहून हिरवी झाली की." किल्ली परत दिली. त्यांनी इंद्रायणीचे दोन शेर तांदूळ पिशवीत घालून माझ्या हातात कोंबले. "न्हाई म्हनू नगंस. सख्खी बहीण करनार न्हाई एवढं केलंस."

घेतले. डब्यात ओतले नाहीत. पिशवी तशीच खुंटीला.

संध्याकाळी रेखा वर आली, "काकू, घर बघू?" शिवणाचं काम करणारी पोर, बारकाईने बघत होती. हंड्याला बोट लावलं. कौलं मोजली. मग दोरीपाशी थांबली.

"दोरी रिकामी कशी?"

"राहिलंय अजून."

"शाळेत आशाताई सांगत होत्या, काकूंनी कपड्यांसकट घर केलंय म्हणून." बोटाने दोरा हळूच चाचपला. "इथं गोंद लागलाय."

तिने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग म्हणाली, "आईच्या गुडघ्याला शेक द्यायचाय," आणि खाली गेली.

तिला कळलंय. आईला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर आत्तापर्यंत सु.मा.ची हाक आली असती. ती माझी वाट बघतेय की मला सोडून देतेय?

९ मे, शनिवार

हाक आली नाही. सु.मा.नी वाटीभर पिठलं धाडलं. रेखाने आणून दारात ठेवलं, वर न बघता.

सु.मा. ओसरीवर बसून सगळ्या गल्लीला सांगत होत्या, "त्या हौसीचं दूध माझ्या दारात नगं. माझी लेक घाट चढून आली, आन हिनं गुरावानी धरून दिली!" मी तिथं तांदूळ पाखडत होते. मान हलवली असावी. सवयीने.

१० मे, रविवार

पहाटे भांडं घेऊन बांबूपाशी जाऊन उभी राहिले. मोटारसायकल आली, पुढे जायला लागली, मी हात केला. थांबली.

हौसाबाई उतरल्या. "आज भांडं दिसलं बरं."

"नेहमीचं द्या."

दिलं. काठोकाठ मापून. पूर्वी मापावर एक धार वरून घालायच्या, आज नाही. बरोबरच आहे.

तेवढ्यात ओसरीवरून सु.मा., "वैनी! त्या चुगलखोर बाईचं दूध घेतीस तू? तू?"

दारं उघडली, एकेक करून. हौसाबाई किटली धरून माझ्याकडे बघत होत्या. नवऱ्याने गाडी बंद केली.

म्हटलं, "मावशी, यांनी नाही सांगितलं."

"मग कुणी?"

रेखा दारात आली, हात पुसत.

"दूध ठेवून येते," म्हटलं. "येऊन सांगते."

जिना चढताना वाटलं, वर जाऊन कडी लावून घ्यावी. तेही करून झालंय ह्या घरात, खिडकीला. म्हणून दूध तापेपर्यंत एवढं लिहून ठेवतेय. लिहिलेलं असलं की खाली उतरेपर्यंत दुसरं काही सुचणार नाही. हे म्हणाले, "बावीस वर्षं आहेत, नीट विचार कर." म्हटलं, सतरा दिवस तेच केलं.

देव्हाऱ्यामागची काडेपेटी काढली. कुर्ता पदराच्या टोकाला बांधलाय. तांदळाची पिशवीही खुंटीवरून घेतलीय, परत घेतील तर.

खिडकीतून दिसतंय. हौसाबाई अजून बांबूपाशीच आहेत. सु.मा. ओसरीच्या पायरीवर, एक हात गुडघ्यावर. रेखा वर बघतेय.

परत हाक आली.

दूध वर आलं. गॅस बंद केला. जाते.