वंशवेलीची जोडणी

४ फेब्रुवारी
नव्या गावात सामान लागायच्या आधी मला काम लागलं! पगार नाही, पण काम आहे. बाजारामागच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वंशावळ केंद्र आहे. लोक आपले आजे-पणजे शोधत येतात आणि चार हौशी मंडळी त्यांना फुकट मदत करतात. प्रमुख म्हणजे निवृत्त पोस्टमनकाका. जन्मभर जिवंत माणसांचे पत्ते शोधले, आता मेलेल्यांचे शोधतो, असं सांगून स्वतःच पोट धरून हसले. मी पूर्वी ऑफिसांमध्ये नेटवर्क जोडून द्यायचे हे कळल्यावर मला सोडायलाच तयार होईनात. संगणक आहेत, पण प्रत्येकाची चूल वेगळी. खिडकीपाशी नोंदलेला पणतू दाराजवळच्या संगणकाला ठाऊकच नाही. सगळ्यांची माहिती एका जागी आणायची, कुठेही बसलं तरी तीच वंशवेल दिसली पाहिजे.
नवरा म्हणाला, घे की, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं. बदली त्यानं मागून घेतली होती, माझ्यासाठी. ते आम्ही बोलत नाही.

९ फेब्रुवारी
दिवसभर भिंतीच्या कडेनं केबल टाकल्या. मदतीला शिंपीणमावशी होत्या. त्यांचं शिवणाचं दुकान कोपऱ्यावरच आहे. आयुष्यभर सुईत दोरा ओवला, भिंतीतून तार ओवायला काय जड, म्हणाल्या, आणि खरंच भोकातून केबल पहिल्या झटक्यात काढली. एकुलता एक मुलगा ऐन तरुणपणी अपघातात गेला. त्याच्या नावाखाली वंशवेल संपते, म्हणून दुसऱ्यांच्या वेली लांबवत बसते, असं अगदी सहज सांगितलं त्यांनी.
मग विचारलं, तुला मुलंबाळं? मी नाही म्हटलं. ते खोटं नव्हतं. आमची मुलगी जन्मली ती रडलीच नाही. दवाखान्याच्या कागदावर तिला नावसुद्धा नाही.

१४ फेब्रुवारी
जोडणी झाली. सगळ्या पडद्यांवर एकच वेल उमटली तेव्हा काकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी माझी अलाबला घेतली.
सगळे चहाला खाली उतरले. मी मागे राहिले आणि आमचं कुटुंब भरलं. मी, नवरा, खाली मुलगी. पोटात असताना मनातल्या मनात ठेवलेलं नाव टाइप केलं. ते नवऱ्यालाही ठाऊक नाही. जन्म आणि मृत्यू, दोन्ही रकान्यांत एकच तारीख. बरं वाटलं. कुठेतरी ती आहे.

१७ फेब्रुवारी
मावशींच्या मुलाच्या नावापुढे कुणीतरी लग्नाची नोंद केली आहे. तारीख या वर्षीची. काका संतापले. मेलेल्या पोराची थट्टा करणाऱ्याचे हात मोडतील, म्हणाले, आणि नोंद पुसली. कुठल्या संगणकावरून झाली ते मी तपासलं. तो रकाना कोरा होता.

१८ फेब्रुवारी
नोंद परत आली आहे. शेजारी टीपही आहे: ‘मुलगी झाली. नाक आजीचं.’
काका पुसायला गेले तर मावशींनी त्यांचा हात धरला. राहू द्या ना, कुणाचं काय बिघडतंय, म्हणाल्या. बराच वेळ पडद्यासमोर बसून होत्या, नाकावरून बोट फिरवत.

२० फेब्रुवारी
आमच्या मुलीच्या मृत्यूचा रकाना रिकामा आहे. मी रिकामा केलेला नाही.
टिपेत एकच शब्द: ‘रडली.’
मी तिथेच, खुर्चीत, तोंडात पदर कोंबून बसले.

२२ फेब्रुवारी
‘पहिला दात.’ दुपारी: ‘भिंत धरून उभी राहिली.’
केबल काढायला हवी हे मला कळतं. एवढं तर कळतंच. पण उद्या ती चालेल.

२३ फेब्रुवारी
चालली. नवऱ्याला सांगावंसं वाटलं. जेवताना तो म्हणाला, किती दिवसांनी हसलीस. तो इतका खूश झाला की मला पुढे बोलवेना.

२४ फेब्रुवारी
मावशींच्या स्वतःच्या नावापुढे मृत्यूची तारीख आहे. उद्याची. मी धावत दुकानात गेले, माझ्या घरी चला म्हणून हातापाया पडले. त्या शिवतच राहिल्या. लहान मुलीचं झबलं होतं. एवढ्या वर्षांनी तिकडून कुणीतरी मला घरी बोलावतंय गं, म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी
मावशी गेल्या. मशीनवर डोकं टेकून. झबल्याला गुंड्यासुद्धा लावून झाल्या होत्या. आणि ते झबलं — कुणाला सापडत नाही.

२६ फेब्रुवारी
काकांनी केंद्र बंद केलं. किल्ली माझ्याकडे दिली. सगळं उपटून टाक, म्हणाले.
उपटलं. एकूण एक केबल. विजेची बटणंही बंद केली.
पडदे चालू आहेत. ‘शाळेत जाते. वेणी स्वतः घालते.’

२७ फेब्रुवारी
तिला पुसलं तर थांबेल कदाचित. तिच्या नावावर बोट ठेवून बसले. दवाखान्यात तिला शेवटचं बघायचं आहे का, असं नर्सनं विचारलं होतं. मी मान फिरवली होती.
पुन्हा फिरवू?
नाही जमलं.

२८ फेब्रुवारी
केंद्रात आहे. वडील — तिच्या वडिलांच्या नावापुढे, मृत्यूच्या रकान्यात, आजची तारीख.
टीप: ‘आज बाबा येणार.’

सकाळी म्हणाला होता, कामावरून सुटलो की न्यायला येतो. फोन लावतेय. वाजतो, उचलत नाही.

पुसलं. माझ्या हातानं पुसलं तिला. माफ कर, बाळा, माफ —
परत आली. पुन्हा पुसलं. परत —

फोन कुणीतरी उचलला. अनोळखी माणूस. चौकात स्कूटरला — तुम्ही कोण लागता, विचारतोय —

जिन्यावर पावलं.
त्याचीच. मी ओळखते. डावा पाय जरा जोरात टाकतो. आणि त्याच्याबरोबर आणखी कुणाची तरी, बारीक, प्रत्येक पायरीवर थांबणारी. तो हळूच सांगतोय, सावकाश, कठडा धर, आई वरच आहे.

मी दार लावायला उठले. कडीवर हात आहे. लावायचं आहे. लावायलाच हवं —
ती रडतेय. दारापलीकडे. एवढ्याशा आवाजात — मी कधी ऐकलंच नव्हतं, मी तिला कधी —